सोबत बांधलेले

ग्रंथालयात त्यांना सगळे सोबतबाई म्हणत. म्हणजे तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ वळली की सोबतबाई. हे नाव देवघेवीच्या टेबलावरच्या कारकुनानं पाडलं होतं. बाईंनी केलेलं कुठलंही कार्ड उचला, त्यावर ‘सोबत’ हा शब्द असायचाच: अमुक पुस्तक, सोबत तमुक, सोबत आणखी एक. कारकून मनानं वाईट नव्हता, फक्त त्याच्या जिभेला हाड नव्हतं. बावन्न वर्षांच्या, लग्न न केलेल्या, घरी म्हाताऱ्या बापाखेरीज कुणी नसलेल्या बाईला आपण हे नाव ठेवतोय, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बाईंच्या आलं होतं. त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

त्यांचं काम तळघरात चालायचं. पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून लोखंडी मांडण्यांच्या चौदा रांगा होत्या आणि त्यांत दोन हजारांच्या वर जाडजूड पुस्तकं. बाहेरून बघणाऱ्याला एक पुस्तक दिसे. उघडलं की कळे, एका पुठ्ठ्यात चार-चार, पाच-पाच पुस्तकं शिवलेली आहेत. कुणी पन्नास पानांचं, कुणी तीस, कुणी तर सोळाच पानांचं. पहिलं भूगोलाचं, दुसरं विहिरीच्या पाण्यातल्या जंतूंवरचं भाषण, तिसरं कुणा निवृत्त स्टेशनमास्तरचं आत्मचरित्र, चौथं कोंबड्या पाळण्याविषयी. नुसती आवळ्या-भोपळ्याची मोट. कार्ड मात्र फक्त पहिल्याचं, आणि पाठीवर नावही पहिल्याचंच. बाकीची मंडळी घरात राहत होती, पण दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. कुणी भेटायला आलंच, तर ‘इथे असं कुणी राहत नाही’ हे ऐकून परत जायचं.

ही मोट बांधणारा माणूस म्हणजे बाईंचे वडील. चाळीसेक वर्षांपूर्वी पुठ्ठा आणि कापड मिळेनासं झालं, तेव्हाच्या ग्रंथपालांनी हुकूम काढला की पातळ पुस्तकं एकेकटी बांधायची नाहीत. बाबा तेव्हा ग्रंथालयाचे बाईंडर होते. कुणाबरोबर कुणाला बांधायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग ते उंची बघत. “उंची जुळली की लग्न लावून टाकायचं,” ते अजून हसत सांगायचे. “स्वभाव जुळतो का, हे बघत बसलो असतो तर सगळी बिनलग्नाचीच राहिली असती.” एवढं बोलून ते मुलीकडे बघत आणि विषय बदलत. गठ्ठ्यातलं सगळ्यांत नावाजलेलं, धडधाकट पुस्तक ते पुढे घालत आणि पाठीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत उठवत. बाड चारचौघांत दर्शनी दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

बापानं बांधलेलं लेक सोडवत बसली होती. सोडवायचं म्हणजे शिलाई उसवायची नव्हती. एकेक बाड टेबलावर घ्यायचं, आतल्या प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकाचं पान उघडायचं, नाव, लेखक, छापखाना, साल एका चिठ्ठीवर उतरवायचं, पट्टीनं उंची मोजायची, शेवटच्या पानाचा आकडा बघायचा, चित्रं असतील तर ‘सचित्र’ लिहायचं, आणि पुढचं घ्यायचं. बाड संपलं की चिठ्ठ्यांवरून त्याचं नवं कार्ड करायचं. त्यातलं काहीही वाचायचं नाही, हा बाईंनी स्वतःला घालून घेतलेला नियम. “वाचायला बसलं की काम बसतं,” त्या म्हणत. या कामाला बसता आलं त्या दिवशी एखादं बाड हातावेगळं होई, बरं असलं तर दोन. इतर कामं सांभाळून अकरा वर्षांत त्यांनी अकराशेच्या वर बाडं उरकली होती. निवृत्तीला सहा वर्षं होती. हिशेब थोडक्यात चुकत होता, पण जमेल असं त्यांना वाटायचं.

या कामाची वाट बघणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते वर्षातून एकदा येई.

शाळांच्या गणवेशांची घाई संपली, की शिवणकाम करणाऱ्या एक मावशी ग्रंथालयात येत. सत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बोटं सांध्यांत वाकलेली, पदरावर कुठेतरी दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांना ‘नाही’ म्हणून वाटेला लावलं होतं. जिन्यात त्यांची बाईंशी गाठ पडली. त्यांना एक पुस्तक हवं होतं, त्यांच्या थोरल्या भावानं लिहिलेलं. भाऊ कापडगिरणीत हजेरी-कारकून होता. मागांच्या खात्यात एवढा आवाज असे की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून कामगार हातांनी बोलत. पाणी आण, दोरा तुटला, मुकादम येतोय, घरी मूल आजारी आहे. भावानं या खुणा गोळा केल्या, चौसष्ट खुणांची चित्रं काढली आणि एका छोट्या छापखान्यातून छापून घेतल्या. चित्रांतले हात मावशींचे होते. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. शाळेतून आलं की भाऊ त्यांना खिडकीपाशी बसवी, दोन्ही हात धरून ठेवायला लावी आणि काढत राही. हात हलला की टपली मिळे. पुस्तक छापून होईपर्यंत त्यांना आत्याकडे राहायला पाठवलं होतं. भाऊ सव्विसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. घरातली प्रत मावशी परत येण्याआधीच बिऱ्हाड हलवताना हरवली, छापखाना बंद पडला, गिरणीही बंद पडली. एक प्रत ग्रंथालयात दिली होती, एवढं मावशींच्या आईच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं.

“मला न्यायचं नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “एकदा बघायचं आहे.”

कार्डांत ते नव्हतं. पण ते बत्तीसेक पानांचं पातळ पुस्तक होतं म्हटल्यावर बाईंनी तळघराकडे बोट दाखवलं, आतलं काम समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, असेल तर मला सापडेल, कधी ते सांगता येत नाही. त्यांना पत्ता विचारायचं सुचलं नाही आणि मावशींना द्यायचं. “मी येत जाईन,” मावशी म्हणाल्या, आणि येत राहिल्या. पाच वर्षं. दर वर्षी पाच मिनिटं उभ्या राहून, ‘नाही सापडलं अजून’ ऐकून, ‘बरं’ म्हणून जात. बाईंनी खुर्ची पुढे केली तरी बसत नसत.

सहाव्या वर्षी, मावशी यायला आठ महिने असताना, ते सापडलं.

नवव्या रांगेतलं बाड. पाठीवर ‘अंकगणित’. आत आधी अंकगणित, मग एका पतपेढीचा अहवाल, मग मधमाश्यांवरची एक पुस्तिका, आणि चौथं ‘मागांवरची हातबोली’. बाईंनी पान उलटलं आणि लहान मुलीचे दोन हात समोर आले. एक मूठ, तिच्यावर आडवी दोन बोटं. खाली बारीक अक्षरांत: ‘दोरा तुटला.’ नखांजवळची रेघसुद्धा काढलेली होती. बाई दोन-तीन पानं बघत राहिल्या. मग सवयीनं पट्टी घेतली. उंची अठरा सेंटिमीटर, पानं बत्तीस, सचित्र. चिठ्ठी लिहून पेटीत ठेवली. आनंद झाला की माणूस काहीतरी वेगळं करतो, पण बाईंना वेगळं काही येत नव्हतं. त्यांनी बाड होतं त्या जागी परत ठेवलं.

ते कपाटात कुलूपबंद ठेवता आलं असतं. झेरॉक्सही काढता आली असती. त्यांनी दोन्हींचा विचार केला होता. पण वस्तू जागेवर असली पाहिजे हे त्यांच्या रक्तात होतं. आणि बाबांची शिलाई एवढी घट्ट, की यंत्राच्या काचेवर बाड दाबलं असतं तर कणा मोडला असता. खिशात कॅमेरा घेऊन फिरायचे दिवस अजून आले नव्हते. शिवाय खरी गोष्ट अशी की मावशींनी अस्सल पुस्तक हातात घ्यावं असं बाईंना वाटत होतं. पाच वर्षं नाही म्हटल्यावर एकदा हो म्हणायचं, ते पुरतं म्हणावं.

घरी त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांना ते बाड आठवत नव्हतं, पण खूश झाले. “शिलाई कशी आहे?” एवढंच त्यांनी विचारलं.

याच सुमाराला ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली आणि कार्डांच्या जागी संगणक आला. ग्रंथपाल बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, सरळ माणूस. त्यांनीच बाईंना बोलावून सांगितलं, की यंत्रात एका क्रमांकाला एकच नाव भरता येतं. बाईंनी विचारलं, मग बाकीच्यांचं काय. ते म्हणाले, शेऱ्याच्या रकान्यात लिहा. बाईंनी दोन महिने खपून अकराशे बाडांमधली पाच हजार नावं शेऱ्याच्या रकान्यात घातली. नंतर माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना कंत्राटदाराच्या माणसांनी शेऱ्याचा रकाना घेतलाच नाही, कारण बाकीच्या कुठल्याच विभागानं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. रिकामा रकाना कशाला वाहायचा?

पुढचा हुकूम आला तो निर्लेखनाचा, म्हणजे जादा पुस्तकं संग्रहातून काढून टाकण्याचा. नव्या इमारतीत मांडण्या कमी होत्या. यंत्राला एकाच पुस्तकाच्या तीनपेक्षा जास्त प्रती दिसतील तिथे दोन चांगल्या ठेवायच्या, बाकीच्या रद्दीत काढायच्या. ‘अंकगणित’च्या अकरा प्रती होत्या. भूगोलाच्या नऊ. बाबांनी दर्शनी म्हणून जी जी पुस्तकं पुढे घातली होती, ती सगळी अशीच, घरोघरी असणारी.

बाई ग्रंथपालांकडे गेल्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की सुक्याबरोबर ओलंही जळेल. ग्रंथपालांना ते पटलं. त्यांनी तोडगा काढला: बाईंनी अशा प्रत्येक बाडात एक लांब पांढरी चिठ्ठी घालावी, वरून दिसेल अशी, तिच्यावर ‘सोबत’ लिहावं. चिठ्ठी दिसली की ते बाड काढायचं नाही, असा लेखी आदेश त्यांनी काढला. बाईंनी तीन आठवड्यांत चिठ्ठ्या घातल्या. तळघराचं एखादं शेत झालं, पांढऱ्या तुऱ्यांचं.

निर्लेखनाच्या आदल्या दिवशी बाबा न्हाणीघरात पडले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात सहा दिवस बाई खाटेशेजारच्या स्टुलावर होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी कारकुनाला फोन करून तळघरावर नजर ठेवायला सांगितलं. कारकून म्हणाला, बाई, तुम्ही निर्धास्त राहा, मी स्वतः उभा राहतो. आणि तो खरंच उभा राहिला. पाच दिवस, जेवायलासुद्धा वर न जाता.

सातव्या दिवशी बाई कामावर गेल्या. तळघराच्या दारातच कारकून भेटला. त्याच्या हातात रबर लावलेला एक जाड गठ्ठा होता.

“बाई, तुमच्या चिठ्ठ्या,” तो म्हणाला. “सगळ्या जपून ठेवल्यात. एकही हरवू दिली नाही.”

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्याच्याकडून एकेक करून कळलं. हलवाहलवीच्या कंत्राटात एक कलम होतं: पुस्तकांत ठेवलेले सुटे कागद आधी काढून घ्यावेत, म्हणजे कुणाचं काही गहाळ झाल्याची तक्रार नको. हमालांनी पहिल्याच दिवशी सगळे सुटे कागद काढले. कारकुनाला वाटलं, चिठ्ठ्या बाईंच्या आहेत, फेकल्या जायला नकोत. म्हणून त्यानं त्या गोळा केल्या, सरळ केल्या, गठ्ठा बांधला. दुसऱ्या दिवशी यंत्राची यादी घेऊन दुसरी माणसं आली. त्यांना चिठ्ठी असलेलं एकही बाड दिसलं नाही. यादीतली सगळी बाडं त्यांनी काढली. लेखी आदेश कारकुनाला माहीत नव्हता, तो वरच्या मजल्यावर फाइलीत होता.

बोलता बोलता कारकुनाच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. तो काही तरी म्हणू लागला, पण बाई त्याला ओलांडून आत गेल्या होत्या.

नवव्या रांगेत ‘अंकगणित’च्या दोन प्रती उभ्या होत्या, स्वच्छ, एकेकट्या, आत दुसरं काही नसलेल्या.

एकूण तीनशे चाळीस बाडं गेली होती. आत दीड हजारांच्या आसपास पुस्तकं. बाईंनी ग्रंथपालांना सांगून त्याच दुपारी रद्दी कुठे गेली ते काढलं आणि दोन बस बदलून गावाबाहेरच्या लगद्याच्या कारखान्यात गेल्या. आवारात पत्र्याच्या छपराखाली आठ-दहा बायका बसल्या होत्या. त्या पुस्तकांचे पुठ्ठे फाडून वेगळे करत. पुठ्ठ्याला कापड आणि खळ असते, त्याचा लगदा होत नाही. एका बाजूला पुठ्ठ्यांचा ढीग होता, माणसाच्या डोक्याएवढा उंच. बाईंनी लांबूनच ओळखलं. तपकिरी कापड, कोपऱ्यांना हिरवी पट्टी, सोनेरी अक्षरं. घरात लहानपणी याच कापडाच्या चिंध्यांच्या बाहुल्या होत्या.

जवळच्या बाईला त्यांनी विचारलं, आतला कागद कुठे आहे. तिनं फाडणं न थांबवता मागच्या टाकीकडे मान हलवली. “ग्रंथालयाचा ना? तो परवाच गेला,” ती म्हणाली. मग बाईंकडे बघून हात थांबवला. “काही राहिलं होतं का आत? आम्ही झटकून बघतो हां. कधी कुणाचा फोटो असतो, कधी पत्र. काढून ठेवतो आम्ही.” तिनं खरंच खोक्यातून चार-पाच फोटो काढून दाखवले, कुणाकुणाचे. बाईंनी ते नीट बघून परत दिले.

ढिगात त्यांनी तासभर शोधलं. ‘अंकगणित’चे सात पुठ्ठे निघाले. कुठला कुठल्या बाडाचा, हे सांगायला काही मार्ग नव्हता. त्यांनी एकही घेतला नाही.

बाबांना सांगायचं नाही असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पण बाबांची नजर अजून शाबूत होती आणि लेकीच्या पदरावरचा धुरळा कसला, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पुठ्ठ्याचा धुरळा त्यांनी जन्मभर झटकला होता. त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. बाबा उताणे, पायाला वजन लावलेले, छताकडे बघत ऐकत होते.

“पुढे ते अंकगणित मीच घातलं,” ते शेवटी म्हणाले.

“बाबा, तुमचा काय दोष त्यात.”

“पातळ पुस्तक एकटं उभं राहत नाही गं. वाकतं, मागे पडतं, कुठे दोन पुस्तकांच्या मध्ये गेलं की सापडत नाही. म्हटलं कुणाच्या तरी आधारानं राहतील. चांगल्या घरातलं स्थळ बघावं तसं बघून दिलं होतं मी एकेकाला.”

बाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. बाबा त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. हळूहळू दुसऱ्या विषयांवरही कमीच बोलू लागले. हाड जुळलं नाही. इस्पितळातून घरी आले ते खाटेवरच, आणि महिन्याभरात एका दुपारी झोपेतच गेले. कारकुनानं चार दिवस येऊन लागेल ते सगळं केलं, स्वतःहून. जाताना दारात उभा राहून त्यानं हात जोडले. बाई त्याला म्हणाल्या, तुम्ही तुमच्या परीनं नीटच केलंत. आणि हे खोटं नव्हतं, त्यामुळे जास्तच अवघड होतं.

ग्रंथपालांनाही वाईट वाटलं होतं. त्यांनी वर अहवाल पाठवायचं ठरवलं. दोन दिवसांनी बाईंना बोलावून म्हणाले, “काय लिहू, तेच समजत नाही. यंत्रात त्या आतल्या पुस्तकांची नोंदच नव्हती. त्यामुळे कागदोपत्री काही हरवलेलंच नाही. अकरा प्रतींपैकी दोन आहेत. नियमाप्रमाणे आहे सगळं.” बाईंनी आपल्या नोंदींच्या चिठ्ठ्यांची पेटी दाखवली. ते म्हणाले, हो, पण चिठ्ठ्या म्हणजे नोंद नाही. ते चिडून म्हणाले नव्हते. अहवाल गेला नाही.

बाईंनी बावीस ग्रंथालयांना पत्रं लिहिली. ‘मागांवरची हातबोली’, पानं बत्तीस, उंची अठरा सेंटिमीटर, आपल्याकडे आहे का. एकोणीस उत्तरं आली. सगळ्यांत ‘नाही’ होतं. ती उत्तरं वाचताना बाईंच्या मनात यायचं, यातल्या किती जणांच्या तळघरात ते चौथं-पाचवं म्हणून शिवलेलं असेल आणि यांना माहीत नसेल. पण हे त्या कुणाला लिहिणार होत्या?

गणवेशांची घाई संपली आणि मावशी आल्या.

नव्या इमारतीत त्यांना तळघराची वाट सापडेना, म्हणून कारकून त्यांना खाली घेऊन आला आणि न थांबता वर गेला. मावशी आणखी वाकल्या होत्या. बाईंनी खुर्ची पुढे केली. या वर्षी त्या बसल्या. कदाचित बाईंचा चेहरा बघून बसल्या असतील.

बाईंनी सगळं सांगितलं. सापडलं होतं ते, कुठे सापडलं ते, कसं गेलं ते. कुणाला पुढे केलं नाही, कुणाच्या मागे लपल्या नाहीत. मी ते कुलपात ठेवू शकले असते आणि ठेवलं नाही, हेही सांगितलं. बोलणं संपल्यावर मावशींनी पदराला चिकटलेला दोरा काढला, बोटावर गुंडाळला.

“म्हणजे तुम्ही बघितलंत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“हात होते?”

“होते. नखांसकट. फार सुरेख काढले होते.”

मावशींनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, “शेवटी माझ्याविषयी काही लिहिलं होतं का त्यानं? मी एकदा रुसले होते, हात दुखतात म्हणून. तेव्हा म्हणाला होता, गप्प बस, पुस्तकात शेवटी तुझं नाव घालतो. पुढे मला आत्याकडे पाठवलं. घातलं की नाही ते मला कधी कळलं नाही.”

बाईंनी शेवटचं पान बघितलं होतं. दर पुस्तकाचं बघत, तसं. त्यावरचा आकडा बघितला होता, बत्तीस. आकड्याच्या वर मजकूर होता. दोन ओळी असतील, चार असतील. त्या त्यांनी वाचल्या नव्हत्या. वाचायला बसलं की काम बसतं.

हो म्हणायला काय जात होतं? पुस्तक जगात उरलं नव्हतं. पडताळून बघणारं कुणी नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं. अकरा वर्षं डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच लिहिणारा त्यांचा हात मांडीवर तसाच पडून राहिला.

“खरं असेल ते सांगा,” मावशी म्हणाल्या.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पान बघितलं मी. वाचलं नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी पेटीतून त्या पुस्तकाची चिठ्ठी काढून पुढे केली. मावशींनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. भावाचं नाव होतं, छापखान्याचं होतं, उंची, पानं. त्यांनी ती टेबलावर परत ठेवली. “हे तुमच्या कामाचं आहे,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली.

“म्हणजे आता पुढच्या वर्षी यायला नको.”

“नको,” बाई म्हणाल्या.

त्या जिना चढून जाईपर्यंत बाई खाली उभ्या होत्या. मावशी दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या, त्यामुळे बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून बाई वाचू लागल्या. एक बाड घ्यायचं, आतलं प्रत्येक पुस्तक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, आणि मगच चिठ्ठी लिहायची. स्टेशनमास्तरचं आत्मचरित्र, पतपेढीचा अहवाल, कोंबड्यांचे रोग, सगळं. कुणाला अर्पण केलं आहे, कुणाचे आभार मानले आहेत, कुणाच्या नावाचा उल्लेख आहे, हेही चिठ्ठीत लिहायचं. चिठ्ठी आता एका कागदात मावत नसे. जिथे दिवसाला दोन बाडं होत, तिथे एकाला दहा दिवस लागू लागले. ग्रंथपाल एकदा म्हणाले, बाई, या वेगानं तुमच्या नोकरीत हे संपायचं नाही. बाई म्हणाल्या, नाही संपणार.

आणि ते संपलं नाहीच. बाई निवृत्त झाल्या तेव्हा साडेसातशे बाडं उघडायची राहिली होती. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. चिठ्ठ्यांच्या एकोणीस पेट्या तळघरात एका कोपऱ्यात रचून ठेवल्या आहेत. कार्डांच्या कपाटांची विल्हेवाट लागली, तेव्हा त्या पेट्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही, म्हणून त्या राहिल्या. यंत्रात अजूनही एका क्रमांकाला एकच नाव दिसतं.